मुकुटाचे टाके

होल्मे,
संत मायकेलचा सण होऊन गेल्यावर, १५२९

मेटे बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मावशीची तब्येत ठणठणीत आहे, दाढा तेवढ्या एकेक करून रजा घेताहेत. पावाची कड बिअरमध्ये बुडवून खाते. जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते, तिला दात लागत नाहीत.

आम्हाला इथं आणून टाकलं त्याला आता तिसरा हिवाळा लागेल. होल्मेची गढी दलदलीत अशी बसलीय, की सकाळी पाय घालावा तर जोड्यात बेडूक. परवा युट्टाराणीसाहेबांच्याच जोड्यात निघाला. मी म्हटलं, "बाईसाहेब, राजेसाहेबांनी सोबतीला प्रजा तरी धाडली!" त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या, म्हणून तो बेडूक मी मारला नाही.

गेल्या आठवड्यात दिवाण ओव्हे आले होते. कागद तोच जुना. हे लग्न कधी झालंच नव्हतं, युट्टाबाई या राजाच्या राणी नसून लाडक्या बहीण आहेत, असं लिहून द्यायचं. दिलं तर लिलेहावेचं कोरडं घर मिळेल, सफरचंदांची बाग मिळेल, आणि हवी ती माणसं जवळ ठेवता येतील. हवी ती माणसं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं तू उभी राहिलीस.

बाईसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "दिवाणजी, भावाच्या शेजारी मी सात वर्षं एका पलंगावर झोपले, असंच लिहून देऊ ना? आधी तुमच्या बिशपांना विचारून या." दिवाणांचे कान लाल झाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही आमची राणी. मला अभिमानही वाटला आणि रडूही आलं.

मग दिवाणांनी दुसरा हुकूम काढला. कापडांवरचे मुकुट उसवायचे. चादरी, अभ्रे, पंचे, सगळ्यांवर बाईसाहेबांचं अक्षर आणि वर मुकुट, लाल दोऱ्यानं माझ्याच हातचा. सगळा जन्म मी ते टाके घातले. अक्षरं मला कोणी पंतोजीनं शिकवली नाहीत, नावं घालता घालता ती हाताला लागली, म्हणून तर आज तुला लिहू शकते. आता तेच टाके उसवत बसले आहे.

तिथं राहिलेल्या आपल्या चादरींवर नव्या राणीला झोपवता का गं? झोपवत असाल तर एक ध्यानात ठेव. उसवलेलं अक्षर राखेच्या पाण्यात तीनदा उकळून गवतावर उन्हात घालायचं, म्हणजे भोकं बुजतात. उसवलेल्या नावावर कुणाला झोपवू नये. पलंगाच्या धन्याला ते भोवतं, असं इथली माणसं मानतात.

तू तिथं राहिलीस याचा मला राग नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आई गेल्यावर तुला मी कापडांच्या खोलीत, घड्यांच्या टोपलीत वाढवलं. रोज संध्याकाळी घड्या घालताना चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी नसतं.

तुझी
गेसेमावशी


राजधानी,
संत मार्टिनचा दिवस, १५२९

गेसेमावशीस मेटेचा नमस्कार.

पत्र पोचलं. मासेवाल्या बोडिलबाईंनी हेरिंगच्या पिंपामागं लपवून आणलं, त्यामुळे वाचताना भूक लागली.

मावशी, मी का राहिले ते तुला ठाऊक आहे. मला त्या दलदलीची भीती वाटली. इथं दिवे होते, नाच होता, माझं वय एकोणीस होतं. त्याचा राग असेल तर असू दे, मलाही कधी कधी येतो.

हो, चादरी त्याच आहेत. नवीन विणायला वेळ कुठं होता? लग्नाची घाई. तुझं अक्षर उसवून त्यावर सिग्नेराणीचं घातलं, मुकुट तेवढा तसाच ठेवला. तुझा मुकुट माझ्यानं उसववेना, आणि खरं सांगायचं तर तसा मला जमतही नाही.

नवी राणी तुला वाटते तशी नाही. बाप घोडे पाळणारा सरदार, त्यामुळे हसते ती घोडीसारखी, नाकातून. परवा चादरीवरून हात फिरवता फिरवता म्हणाली, "मेटे, माझ्या नावाखाली ही भोकं कसली गं?"

मी म्हटलं, "आधीच्या राणीसाहेबांचं अक्षर होतं. उकळून घेते, बुजतील."

"म्हणजे मी रोज तिच्या नावावर झोपते?"

"तसं नाही, राणीसाहेब..."

"तसंच आहे. राहू देत भोकं. आपण कुणाच्या जागेवर झोपलोय ते माणसाला जरा बोचलेलं बरं." आणि मग नाकातून हसून म्हणाली, "उद्या माझ्याही नावाची भोकं राहतील. तिसरीला वाचायला होतील."

म्हणून मी ती ठेवली. ती तुझ्या राणीसाहेबांबद्दल विचारत असते. त्या काय खायच्या, त्यांना इथली भाषा लवकर आली का, पहिल्या हिवाळ्यात रडल्या का. मी सांगते.

आणखी एक, हे मी कुणाला बोलले नाही. सकाळी चादर उचलते तेव्हा ती एकाच बाजूला चुरगळलेली असते.

तुझी
मेटे


होल्मे,
नाताळच्या आधीचा आठवडा, १५२९

मेटे बाळा,

एका बाजूला चुरगळलेली चादर! अगं, शेवटची दोन वर्षं मी तीच उचलत होते. त्या चादरीइतकं खरं बोलणारं राजवाड्यात दुसरं कोणी नाही.

आता मला दुष्ट म्हणायचं तर म्हण, पण वाचून मी अंगणात एक गिरकी मारली. करावं तसं भरावं! आता तिचीही गाठोडी बांधली जातील. आमच्या पलीकडं खाडीच्या तोंडाशी एक गढी रिकामी आहे, छप्पर गळतं, बेडूक चांगले मोठे आहेत. तिला तिथंच धाडतील. तू तिच्याबरोबर ये म्हणजे झालं. मधे फक्त एक पाणथळ, मी फळ्या टाकून येईन. लोकरीचे मोजे आतापासूनच विणायला घे, तिच्यासाठीही घे. इथली ओल राणी कोण नि दासी कोण ते बघत नाही.

आणि ती भोकं बुजव! तिचं काय ऐकतेस? तिला गंमत सुचते, निस्तरायचं तुला.

बाईसाहेबांना मी यातलं काही बोलले नाही. तिच्या अक्षराखाली त्यांचं अक्षर आहे, हे ऐकून उगाच जखमेवर मीठ. त्या रोज दुपारी दक्षिणेच्या, राजधानीच्या रस्त्याकडच्या खिडकीत बसतात. कुणाची वाट बघता असं एकदा मी विचारलं. म्हणाल्या, "कुणाची नाही गं. रस्ता आहे म्हणून बघते." पण घोड्याच्या टापा ऐकू आल्या की त्यांचा हात केसांकडं जातो. अजून जातो, मेटे.

मुकुट जवळजवळ सगळे उसवून झाले. एक झगा मात्र मी लपवला. त्यांच्या लग्नाचा, पांढरा, पायघोळ. आमच्या माहेरी मुलगी लग्नाच्या रात्री जो झगा घालते तोच धुऊन, लॅव्हेंडर घालून जपतात, आणि शेवटी त्याच झग्यात तिला मातीत ठेवतात. समुद्रापलीकडून त्या आल्या तेव्हा तो पेटीत सगळ्यात खाली होता. त्याच्या गळ्याशी मुकुट आहे. तो उसवायला दिवाणांनी स्वतः सुई घेऊन यावं.

तुझी
गेसेमावशी


राजधानी,
मेणबत्त्यांचा सण, १५३०

सन्माननीय गेसेकेबाईंस,

मी येथे कुशल आहे. महाराजांची कृपा सर्वांवर आहे. राजवाड्यात काही अडचण नाही. चादरी स्वच्छ आहेत. आपण पत्रे पाठवू नयेत, त्याने कामात खंड पडतो. राजभगिनी युट्टाबाईंनी महाराजांच्या इच्छेचा मान राखावा, अशी येथील सर्वांप्रमाणे माझीही इच्छा आहे.

मेटे


होल्मे,
उपासाचा पहिला आठवडा, १५३०

सन्माननीय मेटेबाईंस,

पत्र पावले. आपण मोठ्या झालात, पत्रांनी आपल्या कामात खंड पडू लागला, हे वाचून आनंद झाला. आपल्याला अंगावर घेऊन मी पहिल्यांदा चादरीच्या घडीत निजवले तेव्हाही माझ्या कामात खंडच पडला होता, पण मी कुणाला पत्र लिहून कळवले नाही.

राजभगिनी म्हणे! हा शब्द तुझ्या हातून यावा? बाईसाहेबांपुढं मी पत्र चुलीत घातलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय मेटेनं. मी म्हटलं, थंडी फार आहे म्हणते.

मोजे विणून झाले होते. तुझ्याच मापाचे. कुणाला तरी देऊन टाकीन.

गेसेके


राजधानी, बुरूज,
ईस्टर उलटल्यावर, १५३०

मावशी गं,

मोजे कुणाला देऊ नकोस.

ते पत्र माझं नव्हतं. दिवाणांचा कारकून सांगत होता आणि मी लिहीत होते. मला वाटलं होतं, "सन्माननीय" वाचताच तुला कळेल. तू चिडलीस हेही कारकुनानंच मला वाचून दाखवलं, हसत हसत. हे पत्र बोडिलबाई नेतेय, तिच्या जिवावर. मासे द्यायला ती बुरुजात येते.

सिग्नेराणीला मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी धरलं. दुसरंही मूल पोटातच गेलं, त्यानंतर. सगळ्या दासी पांगल्या, तिच्याजवळ मी एकटी आहे, आणि आमच्या दाराला बाहेरून कडी आहे.

गुन्हा काय ठरवलाय ते ऐक. तिनं पहिल्या राणीचं उसवलेलं नाव मुद्दाम न बुजवता महाराजांच्या पलंगावर ठेवलं, म्हणून महाराजांना मुलगा झाला नाही. चेटूक. चादर चौकशीत उजेडापुढं धरून दाखवली. भोकांतून ऊन आलं आणि युट्टाबाईंचं अक्षर जमिनीवर पडलं, लख्ख. लोकांनी छातीवर क्रॉस केले.

मला विचारलं, "भोकं ठेवायला तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. माझा आळस. थंडीत नदीवर उकळायला कोण जातं?"

"म्हणजे चेटूक तू केलंस?"

"आळस केला, साहेब."

"राजाच्या पलंगाशी आळस आणि चेटूक, दोन्हीला शिक्षा एकच." त्यांनी मला विचार करायला वेळ दिलाय. तिनं सांगितलं असं म्हटलं की मी सुटले. नाही म्हटलं की तिच्या मागोमाग मी. मावशी, तिनं सांगितलं होतं हे खरं आहे. पण ते चेटूक नव्हतं, भल्या मनानं म्हटलं होतं. ते त्यांच्या कागदावर कसं लिहून घेतील?

तू लिहिलं होतंस, तिला खाडीच्या तोंडाशी धाडतील. मी ते तिला वाचून दाखवलं होतं, बेडकांसकट. तेव्हा खूप हसली होती. काल म्हणाली, "तुझी मावशी भली आहे, पण माप चुकली. तिच्या बाईला भाऊ आहे, त्याच्याकडं जहाजं आहेत. ड्यूकच्या घरची बायको नकोशी झाली तर तिला बहीण करतात. घोडेवाल्याच्या घरची नकोशी झाली तर चेटकीण करतात. मला बहीण म्हटलं तर राजाला माझ्या बापाला बाप म्हणावं लागेल ना!"

तिचा बाप आला होता. खालच्या अंगणात उभा होता. लग्नात राजाला दिलेल्या घोड्या परत न्यायला आला होता. आम्ही खिडकीत होतो. त्यानं घोड्यांचे दात तपासले, खूर तपासले, वर नाही बघितलं.

मला आता दलदलीची भीती वाटत नाही. तिथल्या बेडकांत यावंसं वाटतं. चादरीचं दुसरं टोक धरावंसं वाटतं.

तुझी, तुझीच
मेटे


होल्मे,
मे महिन्याचा पहिला रविवार, १५३०

माझ्या बाळा,

हे पत्र उघडपणे येईल, लपून नाही. का ते शेवटी सांगते. आधी माझ्या थोबाडीत मारून घेतली आहे, ती तुला इथून ऐकू आली असेल. चादरीवरनं सगळं ओळखणारी मी, आणि तुझं पत्र मला ओळखता आलं नाही. गिरकी काय मारली, मोजे काय विणले! आपल्या बाईच्या अंगच्या मापानं मी दुसरीचं नशीब बेतायला गेले.

तुझं पत्र घेऊन मी थेट बाईसाहेबांकडं गेले. लपवायला काही उरलं नव्हतं. सगळं वाचलं. त्या खिडकीकडं तोंड करून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "माझं नाव राहू दे असं म्हणाली ती?"

"हो, बाईसाहेब. बोचलेलं बरं, असं म्हणाली."

"या राज्यात माझं नाव राहू द्यावंसं वाटलेली ती एकटीच," त्या म्हणाल्या. "आणि मी तीन वर्षं रोज तिच्या मरणाची प्रार्थना करत होते. गेसेके, दिवाणांना निरोप धाड. सही करते म्हणावं."

तुला ठाऊक आहे इथला रिवाज. राजानं कुणाला बहीण मानलं की बहिणीनं साक्षीदारांपुढं एक मागणं मागायचं, आणि भावानं ते नाही म्हणायचं नाही. एकच. रात्रभर... नाही, ते लिहीत नाही. सकाळी त्यांनी मला विचारलं, "मागणं एक आहे आणि बायका दोन. काय मागू, तू सांग."

मेटे, तुझं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. दातांच्या फटी आहेत, तरी मी ते बाहेर सोडलं नाही. म्हटलं, "बाईसाहेब, मागणं तुमचं आहे. नाव तुम्ही सोडताय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात त्यांना कळलं असावं.

दिवाण आले, बिशप आले, माहेरचा वकील आला. बाईसाहेबांनी सही केली. लेखणी खाली ठेवताना त्यांचा हात केसांकडं गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"मागणं सांगावं, राजभगिनी," दिवाण म्हणाले.

"माझ्या भावाच्या बायकोचा जीव."

दिवाण घसा खाकरून म्हणाले, "बहिणीनं जमीन मागावी, घोडा मागावा, माणूस मागावा. घरातलं काही मागावं. ही राज्याची बाब आहे."

"बायको घरातली नसते का, दिवाणजी?"

"ती आता बायको नाही."

"मग बायको नसेल तर भोकं पडलेल्या चादरीवर कोणत्या नात्यानं झोपत होती?"

"बाईसाहेब," दिवाण हळूच म्हणाले, "आपले बंधू ड्यूक आहेत म्हणून हे मी ऐकून घेतो. दुसरं मागा. नाहीतर मागणं वाया जाईल, दोघी जातील." त्यांचा आवाज वाईट नव्हता गं. थकलेल्या माणसाचा होता.

तेव्हा बाईसाहेबांनी तुला मागितलं. "मेटे, माझ्या गेसेकेच्या बहिणीची मुलगी, तिच्यावरच्या सगळ्या आळसासकट." दिवाणांनी लिहून घेतलं.

मी आनंदानं रडले आणि लाजेनंही रडले. दोन्ही पाण्यांची चव सारखीच लागते.

आता आमच्या पत्रांवर राजभगिनीची मोहोर आहे. ती फोडायची हिंमत कुणाची नाही. राणी होत्या तेव्हा पत्रं फोडत होते, बहीण झाल्या तर फोडत नाहीत. घे, शहाण्यांचं राज्य! लगेच नीघ.

तुझी
गेसेमावशी


राजधानी, बुरूज,
मे, १५३०

मावशी,

पत्र न फोडता मिळालं. कारकुनानं दोन्ही हातांनी दिलं आणि मला "बाई" म्हणाला. दाराची कडी काढली आहे.

पण मी आज निघत नाही. रागावू नकोस. पहिल्यांदा मी भीतीमुळे मागं राहिले होते, या वेळी तसं नाही. शुक्रवारी तिला खाली नेणार आहेत. केस बांधायला, बंद सोडायला तिच्याजवळ कोणी नाही. ती मला हाकलते. "जा गं, ए आळशी! मावशीचे मोजे आहेत तुझ्या नशिबात." मी गेले नाही तेव्हा खिडकीकडं वळली.

युट्टाबाईंनी आधी तिला मागितलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

एक मागू? तिचे कपडे सगळे नेले, मुकुटाचे म्हणून. गोणपाटाचा झगा दिलाय. मान टोचते म्हणते, आणि मग तिचं तिलाच हसू येतं. तुझ्याकडं एखादा जुना पांढरा झगा असेल, कसाही, तर बोडिलबाईबरोबर दे. माणसासारखी जाऊ दे तिला.

मेटे


होल्मे,
त्याच आठवड्यात, घाईत

मेटे,

बोडिलबाई गाडी जुंपून उभी आहे, थोडक्यात लिहिते.

मी माझा जुना झगा घडी करत होते. बाईसाहेब आल्या. "हा नाही. पेटीतला काढ."

मी म्हटलं, "बाईसाहेब, तो तुमच्या मातीच्या वेळेसाठी जपलाय. माहेरचा आहे."

"मला दुसरा शिवायला तू आहेस. तिला कोण आहे?"

"त्यावर तुमचं अक्षर आहे, वर मुकुट आहे. उसवू का?"

"उसवू नको. माझ्या नावाची तिला सवय आहे." आणि मग म्हणाल्या, "उलटा घालायला सांग. मुकुट आतून. बाहेरच्यांना दिसणार नाही, तिला कळेल."

तोच पाठवते आहे. लॅव्हेंडर झटकून टाकू नकोस.

गेसेके


फेरीचा धक्का,
संत अर्बानचा दिवस, १५३०

गेसेमावशी,

मी निघाले, पण वारा पडलाय, होडी धक्क्याला बांधलेली आहे. फेरीवाल्याची बायको बोलत नाही फार, तिनं सूप दिलं आणि बसायला जागा दिली. बोडिलबाई पत्र लांबच्या रस्त्यानं, खाडीला वळसा घालून आणेल. ती माझ्या आधी पोचेल बहुतेक.

झगा तिला थोडा लांब झाला. तुझ्या बाईसाहेब उंच आहेत हे मी विसरले होते. खालून दुमडून मी चार टाके घातले. उलटा घातला. तिनं गळ्यापाशी हात आत घालून मुकुट चाचपला, त्याखालचं अक्षर चाचपलं. म्हणाली, "ह्याला भोकं नाहीत, टाके आहेत. मऊ आहेत." मग म्हणाली, "त्यांना सांग, पलंग मी त्यांचा घेतला होता. झगा त्यांनी दिला."

गोणपाट घडी करून तिनं स्वतःच खिडकीत ठेवलं.

पुढचं लिहीत नाही. तिनं माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही, मग मला सोडावा लागला. तिला मातीत ठेवताना मी होते. आणखी कोणी नव्हतं. झगा नीट केला. राजाच्या माणसानं विचारलं, आत काही आहे का. मी म्हटलं, अस्तर.

मावशी, मला घरी यायचंय. घर कुठलं ते मी अजून पाहिलेलंही नाही, तरी घरीच यायचंय.

मेटे


लिलेहावे,
मे महिन्याचा शेवट, १५३०

मेटे बाळा,

बोडिलबाई परत त्याच रस्त्यानं निघाली आहे, म्हणून धक्क्यावर हे पत्र धाडते. होडी लागली असेल तर तुझी वाटेत चुकामूक होईल, आणि तसंच होवो.

घर कोरडं आहे. बेडूक नाहीत, बाईसाहेबांना चुकल्यासारखं वाटतं. सफरचंदांचा मोहोर गळतोय. गवतावर चादरी पसरल्या की त्यांच्यावर पाकळ्या पडतात आणि मी ओरडत झटकते, जशी काही माझ्या ओरडण्यानं झाडं ऐकणार आहेत. बाईसाहेब खिडकीत बसत नाहीत आता. फाटकापर्यंत चालत जातात, रस्ता बघतात. मी काही विचारत नाही. आता आम्ही दोघी एकाच माणसाची वाट बघतो.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. "झगा त्यांनी दिला" इथं आल्यावर त्या उठून बागेत गेल्या. परत आल्या तेव्हा केसांत पाकळ्या होत्या, त्यांनी त्या काढल्या नाहीत.

त्यांच्यासाठी नवा झगा बेतलाय, चांगल्या लिननचा. काल विचारलं, "गळ्याशी मुकुट घालू ना, बाईसाहेब?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "तो कधीतरी तुलाच उसवावा लागतो. अक्षर पुरे. नुसतं माझं."

अक्षर घालायला बसले तर लाल दोरा सुईत जाईना. तीनदा तोंडात घालून ओला केला, डोळे बारीक केले, खिडकीपाशी गेले. नाही म्हणजे नाही. वयाला शिव्या दिल्या, सुईला दिल्या. बाईसाहेब म्हणाल्या, मी ओवते. मी नाही म्हटलं.

झगा मांडीवर आहे, सुई त्याच्या गळ्यात टोचून ठेवली आहे, दोरा शेजारी. चादरी वाळल्या आहेत, घड्या घालायच्या राहिल्या आहेत. मोजे तुझ्या उशाशी ठेवले आहेत, ऊन पडलंय तरी.

आज वारा सुटला आहे, बाळा. पाकळ्या तुझ्या बाजूला उडताहेत. येताना उलटा लागेल, पण फेरीवाले शिडं तिरकी लावून येतात म्हणे.

ये.

तुझी
गेसेमावशी